ईमॅक्स लिस्प: फाईलपुरती छोटी नावं, ओबॅरे आणि सिंबॉल नेमका सापडतो कुठे?

आडवी_रेघ (धागाकर्ता)

ईमॅक्स या एडिटरच्या लिस्पमध्ये नेमस्पेस, म्हणजे प्रत्येक पॅकेजच्या नावांना वेगळं आवार, नाही, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक पॅकेजनं आपला उपसर्ग लावायचा, आतल्या गोष्टींना दोन आडव्या रेघा द्यायच्या आणि दुसऱ्या कुणी तोच उपसर्ग उचलला नसेल अशी आशा धरायची. उपसर्ग लांबलचक असला की कोड वाचवत नाही. यातून सुटायच्या ज्या वाटा दिसल्या, त्यातल्या तिन्ही अडल्या आहेत. ईमॅक्स २९, पॅकेजचा उपसर्ग 'रिपोर्ट-एक्स्पोर्ट-'.

(कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतोय. फाईलमध्ये ती रोमन अक्षरांतच आहेत.)

१. फाईलच्या शेवटी शॉर्टहँड (वाचताना छोट्या उपसर्गाच्या जागी लांब उपसर्ग घालायची सोय) दिला:

;; लोकल व्हेरिएबल्स:
;; रीड-सिंबॉल-शॉर्टहँड्स: (("री-" . "रिपोर्ट-एक्स्पोर्ट-"))
;; एंड:

आता फंक्शन चालवलं की एरर येते: 'रिपोर्ट-एक्स्पोर्ट-सर्च-फॉरवर्ड' या सिंबॉलची फंक्शन डेफिनिशन व्हॉइड (रिकामी) आहे. या नावाचं फंक्शन फाईलमध्ये कुठेच नाही. शोधून झालं.

२. शॉर्टहँड सोडून स्वतंत्र ओबॅरे (नावावरून सिंबॉल शोधायचा तक्ता) करून पाहिला. 'ओबॅरे' हा व्हेरिएबल लेटमध्ये नव्या तक्त्याला बांधला, रीडनं "(इफ निल १ २)" वाचलं आणि इव्हॅलला दिलं. एरर: इफ नावाचं फंक्शन व्हॉइड आहे! इफ कसं व्हॉइड असेल?

३. लेक्सिकल-बाइंडिंग (बांधलेलं नाव फक्त तिथे लिहिलेल्या कोडला दिसण्याची पद्धत) चालू असलेल्या फाईलमध्ये लेटनं 'याद्या' नावाचा व्हेरिएबल बांधला आणि आत (ॲड-टू-लिस्ट 'याद्या नवा) लिहिलं. 'याद्या' व्हॉइड आहे म्हणे. दोनच ओळी वर बांधलाय.

हे तीन वेगळे आजार आहेत की एकाच दुखण्याची तीन रूपं?

---

कंसोबा

दुखणी दोन आहेत. पहिले दोन प्रश्न एका टप्प्यावरचे, तिसरा दुसऱ्या टप्प्यावरचा.

लिस्पमध्ये नावाचा शोध दोनदा होतो आणि या दोन शोधांचा एकमेकांशी संबंध नसतो. आधी रीडर अक्षरं वाचतो आणि त्या अक्षरांचा सिंबॉल नावाचा ऑब्जेक्ट शोधतो. हा शोध ओबॅरेमध्ये होतो. ओबॅरे म्हणजे नावाचा हॅश काढून सिंबॉल हुडकायचा तक्ता. नाव सापडलं तर तोच जुना ऑब्जेक्ट मिळतो, नाही सापडलं तर नवा सिंबॉल तयार होऊन तक्त्यात बसतो. यालाच इंटर्न करणं म्हणतात. इथे नावाचं काम संपलं.

त्यानंतर इव्हॅल्युएटर येतो. त्याच्या हातात अक्षरं नसतात, ऑब्जेक्ट असतो. सिंबॉलला चार कप्पे असतात: नाव, व्हॅल्यू, फंक्शन आणि प्रॉपर्टी लिस्ट. कंसातल्या पहिल्या जागी सिंबॉल असेल तर फंक्शनचा कप्पा उघडला जातो, बाकी ठिकाणी व्हॅल्यूचा. म्हणूनच 'लिस्ट' हे फंक्शनही असतं आणि तुम्ही 'लिस्ट' नावाचा व्हेरिएबलही बिनधास्त ठेवू शकता.

याच कारणासाठी लांब उपसर्गानं कोड हळू होत नाही. स्ट्रिंगची तुलना वाचताना एकदाच होते. चालत्या कोडमध्ये फक्त ऑब्जेक्टचा पत्ता असतो, नाव तीन अक्षरी असो की तीस.

आता तुमचा पहिला प्रश्न. शॉर्टहँड हे पूर्णपणे रीडरचं काम आहे आणि रीडरला अर्थ कळत नाही, फक्त सुरुवात जुळते की नाही एवढंच कळतं. तुम्ही त्याला सांगितलंत की आर, ई, आडवी रेघ अशी सुरुवात दिसली की तिथे लांब उपसर्ग घाल. त्यानं ते इमानेइतबारे केलं. फाईलमधलं प्रत्येक री-सर्च-फॉरवर्ड वाचतानाच रिपोर्ट-एक्स्पोर्ट-सर्च-फॉरवर्ड झालं. री-सर्च-बॅकवर्डचंही तेच. फाईलमध्ये शोधून ते नाव सापडणार नाहीच, कारण ते रीडरच्या डोक्यात तयार झालंय.

शेवटची आडवी रेघ गाळली असती तर रिक्वायर, रीड, रिप्लेस-मॅच सगळंच गेलं असतं, आणि फाईल पहिल्या रिक्वायरलाच आडवी झाली असती.

---

तळटीप

शॉर्टहँडबद्दल थोडं विस्तारानं लिहितो, कारण मॅन्युअलमध्ये हे एकाच पानात उरकलंय आणि खाचखळगे बरेच आहेत.

ही सोय ईमॅक्स २८.१ पासून आली. अट एकच: रीड-सिंबॉल-शॉर्टहँड्स हा व्हेरिएबल फाईल-लोकल म्हणूनच द्यायचा, आणि तो फाईलच्या शेवटच्या ब्लॉकमध्ये. इनिट फाईलमध्ये सेटक्यू करून काही हाती लागत नाही. फाईल लोड करताना आणि कंपाइल करताना ईमॅक्स हा ब्लॉक मुद्दाम आधी वाचतो आणि मग बाकीच्या फाईलला हात घालतो.

ब्लॉकची जागा चुकली तर कुणी ओरडत नाही, नुसतं दुर्लक्ष होतं. ब्लॉकची सुरुवात फाईलच्या शेवटच्या ३००० अक्षरांच्या आत हवी. ब्लॉकनंतर पेज-ब्रेकचं अक्षर, म्हणजे कंट्रोल-एल, आलं तरी तो दिसत नाही, कारण शोध शेवटच्या पानापुरताच असतो. शॉर्टहँडची यादी लांबली की ३००० ची मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि मग काल चालणारी फाईल एक ओळ वाढवल्यावर अचानक छोट्याच नावांनी वाचली जाते, बाहेरून पूर्ण नावानं बोलावलं की व्हॉइड. यादी अनेक ओळींत लिहिता येते, फक्त प्रत्येक ओळीला तोच कॉमेंटचा उपसर्ग हवा. एका ओळीला दोन अर्धविराम आणि दुसरीला तीन, असं चालत नाही.

नियमाला अपवाद दोन.

नुसत्या चिन्हांचा सिंबॉल बदलला जात नाही. म्हणजे "-" हा शॉर्टहँड ठेवलात तरी वजाबाकीचं फंक्शन शाबूत राहतं, तिरप्या रेघेपुढे बरोबरचं चिन्ह असलेलं 'समान नाही' हेही शाबूत राहतं. पण "-मॅप" बदलेल, कारण त्यात अक्षरं आहेत. डॅश लायब्ररी (जिची फंक्शन्स "-" नं सुरू होतात) वापरणाऱ्या फाईलमध्ये म्हणून "-" हा शॉर्टहँड घेऊ नये.

दुसरा अपवाद: सिंबॉलच्या आधी हॅश आणि अंडरस्कोर (#_) लिहिलं की तो जसा आहे तसा वाचला जातो. तुम्हाला 'री-' ठेवायचाच असेल तर दर वेळी #_री-सर्च-फॉरवर्ड लिहावं लागेल. माझ्या मते हा हट्ट सोडा. 'आरपीएक्स-' सारखं काहीतरी घ्या, जे ईमॅक्समध्ये कुठल्याच नावाच्या सुरुवातीला नाही. ठरवण्याआधी ॲप्रोपॉसला वरच्या टोपीच्या चिन्हासह तो उपसर्ग देऊन पाहा. यादी रिकामी आली तर घ्या. ॲप्रोपॉसला फक्त लोड झालेल्या गोष्टी दिसतात, म्हणून ज्या लायब्रऱ्या तुमची फाईल वापरते त्या आधी लोड करा.

एकाहून जास्त शॉर्टहँड असतील आणि एक दुसऱ्याची सुरुवात असेल ("आरपी-" आणि "आरपी-एक्स-") तर लांब आधी लिहा. यादीत जो आधी जुळतो तो लागू होतो.

---

रिकामी_यादी

तळटीप, एक भर. शॉर्टहँड स्ट्रिंगच्या आत आणि कॉमेंटमध्ये लागत नाही, त्यामुळे डॉकस्ट्रिंगमध्ये पूर्ण नावच लिहायचं. नाहीतर मदतीच्या बफरमध्ये त्या नावाची लिंक होत नाही, आणि वाचणारा ते छोटं नाव कंट्रोल-एच एफला देऊन बसतो. त्याला काहीही मिळत नाही, कारण असं फंक्शन जगात नाही. एरर मेसेज आणि युजरला दाखवायच्या इतर मजकुराचंही तेच.

क्वोट केलेल्या सिंबॉलला मात्र शॉर्टहँड लागतो. (ॲड-हुक 'सेव्ह-हुक 'आरपीएक्स-लिहा) मध्ये हुकवर पूर्ण नावच जातं.

---

आडवी_रेघ

उपसर्ग 'आरपीएक्स-' केला. तरीही तीच जुनी एरर. ब्लॉक बरोबर आहे, ३००० च्या आत आहे.

---

तळटीप

दोन शक्यता.

बफरमध्ये जुना शॉर्टहँड अजून जिवंत असेल. ब्लॉकमधली अक्षरं बदलल्यानं बफर-लोकल व्हॅल्यू बदलत नाही. एम-एक्स नॉर्मल-मोड चालवा किंवा बफर रिव्हर्ट करा, मग कंट्रोल-एच व्ही नं रीड-सिंबॉल-शॉर्टहँड्सची त्या बफरमधली व्हॅल्यू बघून खात्री करा, आणि त्यानंतरच बफर पुन्हा इव्हॅल्युएट करा. फाँट-लॉक चालू असेल तर शॉर्टहँडनं बदललेल्या नावांच्या उपसर्गाला वेगळा फेस मिळतो. री-सर्च-फॉरवर्डचा उपसर्ग अजून रंगलेला दिसत असेल तर जुनीच व्हॅल्यू लागू आहे.

दुसरी शक्यता म्हणजे जुनी कंपाइल केलेली फाईल. ती सोर्सपेक्षा जुनी असली तरी ईमॅक्स तिलाच पसंती देतो, सोर्स नवीन असल्याचा इशारा तेवढा देतो. त्या फाईलमध्ये नावं विस्तार होऊनच लिहिलेली असतात, म्हणून सोर्समधला ब्लॉक बदलून तिला फरक पडत नाही. पुन्हा कंपाइल करा. सवय म्हणून लोड-प्रिफर-न्यूअर टी ठेवा.

---

आडवी_रेघ

दुसरी. धन्यवाद. पहिला प्रश्न सुटला.

---

निशाचर

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. तिथे गंमत आहे.

लेटमध्ये 'ओबॅरे' नव्या तक्त्याला बांधून रीड चालवलंत, म्हणजे रीडरनं प्रत्येक नाव त्या रिकाम्या तक्त्यात शोधलं. त्याला 'इफ' सापडला नाही, म्हणून त्यानं इफ नावाचा नवाकोरा सिंबॉल तयार केला. त्या सिंबॉलचं नाव आय-एफ आहे, पण फंक्शनचा कप्पा रिकामा. खरा इफ मुख्य तक्त्यात आहे आणि तो हा नव्हे. 'ईक्यू' नं तुलना केलीत तर निल येईल. म्हणून 'इफ व्हॉइड आहे' ही एरर शब्दशः खरी आहे.

समजा सगळी फंक्शन्स डेफॅलियासनं नव्या तक्त्यात आणलीत. मग पुढचा खड्डा निल. या तक्त्यात वाचलेला 'निल' हा निल नाही, निल नावाचा एक सामान्य सिंबॉल आहे. कोडमध्ये आला तर व्हेरिएबल व्हॉइड म्हणून एरर, आणि डेटामध्ये आला तर त्याहून वाईट, कारण तिथे एररसुद्धा येत नाही. "(अ निल)" वाचलंत तर यादीतली दुसरी गोष्ट 'नल' ला विचारल्यावर रिकामी नसते. अट खरी ठरते आणि प्रोग्राम चुकीच्या फांदीवर निघून जातो. 'टी' चं तेच. कोलननं सुरू होणारे कीवर्ड स्वतःचीच व्हॅल्यू होतात तेही फक्त मुख्य ओबॅरेमध्ये. खासगी तक्त्यात तो साधा व्हॉइड सिंबॉल.

आणखी एक विसंगती बघा. रिकामे कंस () वाचले तर खरा निल मिळतो, कारण ते नाव नाही. एकेरी अवतरण ('अ) वाचलं तर बाहेरचा क्वोट खरा असतो, कारण तो रीडर स्वतः घालतो. पण हातानं (क्वोट अ) लिहिलं तर तो क्वोट खासगी.

कंपाइल केल्यावर काय होतं तेही सांगून टाकतो: खासगी तक्त्यातले सिंबॉल कंपाइल केलेल्या फाईलमध्ये इंटर्न न केलेले म्हणून, म्हणजे हॅश-कोलनसह लिहिले जातात. परत लोड केल्यावर त्यांचा तुमच्या तक्त्याशी काही संबंध उरत नाही.

थोडक्यात, कोडसाठी वेगळा ओबॅरे हा रस्ता बंद समजा.

---

चक्रम_कर्सर

मग ओबॅरे बदलता येण्याची सोय ठेवलीच कशाला? आणि कॉमन लिस्पमध्ये पॅकेजेस आहेत, तिथे हे सगळं चालतं. ईमॅक्सला काय धाड भरली आहे?

---

निशाचर

डेटासाठी ठेवली आहे. ॲब्रेव्ह टेबल हा ओबॅरेच असतो. संक्षेप म्हणजे सिंबॉलचं नाव, विस्तार म्हणजे व्हॅल्यू, हुक म्हणजे फंक्शनचा कप्पा. अख्ख्या टेबलाच्या प्रॉपर्टीज रिकामं नाव असलेल्या एका सिंबॉलवर टांगलेल्या असतात. कंप्लीटिंग-रीडलाही ओबॅरे थेट देता येतो.

आणखी एक खरा उपयोग: बाहेरून आलेला मोठा डेटा रीडनं वाचायचा असेल तर. मुख्य ओबॅरेमध्ये इंटर्न झालेला सिंबॉल गार्बेज कलेक्शनमध्ये जात नाही, कारण तक्ताच त्याला धरून ठेवतो. हजारो फालतू नावं सेशन संपेपर्यंत पडून राहतात. वाचताना खासगी ओबॅरे बांधला आणि काम झाल्यावर सोडून दिला की सगळं साफ होतं. फक्त वाचलेल्या यादीतल्या निल आणि टी साठी वर लिहिलेली काळजी घ्या: सिंबॉल-नेमनं नाव काढा आणि खऱ्याशी बदला.

नवा तक्ता ओबॅरे-मेकनं करा. जुन्या कोडमध्ये मेक-व्हेक्टरनं शून्यं भरलेला व्हेक्टर करून तोच ओबॅरे म्हणून वापरलेला दिसेल. ईमॅक्स ३० मध्ये ओबॅरे हा स्वतंत्र प्रकार झाला. व्हेक्टर अजून चालवून घेतला जातो, पण ती पद्धत मोडीत काढली आहे. नवा प्रकार लागेल तसा वाढतो, आकार देण्याची गरज नाही. आणि एआरईएफनं आतले कप्पे बघणारा कोड आता मोडतो. सगळे सिंबॉल हवे असतील तर मॅपॲटम्स.

स्ट्रिंगवरून काहीतरी शोधायचंय एवढंच काम असेल तर ओबॅरे नकोच. हॅश-टेबल घ्या, टेस्ट ईक्वल.

---

कंसोबा

@चक्रम_कर्सर, कॉमन लिस्पमध्ये सिंबॉलला आपलं घर कोणतं ते माहीत असतं. नव्या पॅकेजमध्ये मूळ भाषेचं पॅकेज वापरतो असं सांगितलं की इफ आणि निल तेच, खरे येतात. ईमॅक्सच्या ओबॅरेला दुसऱ्या तक्त्यातून वारसा घेता येत नाही. निशाचरनं लिहिलेली सगळी रड यातूनच.

आणि बदलायला अवघड आहे ते केवळ रीडरमुळे नाही. हुक, ॲडव्हाइस, कीमॅप, कस्टमाइझ, युजरची इनिट फाईल, सगळे एकमेकांना जागतिक नावानं हाक मारतात. एका पॅकेजच्या आतल्या व्हेरिएबलला युजरनं लेटनं हात लावायचा, हा इथला रोजचा व्यवहार आहे. उपसर्ग कंटाळवाणा आहे खरा, पण ग्रेपला (फाईलींत मजकूर शोधणाऱ्या साधनाला) कळतो, कंट्रोल-एच ओ ला कळतो, आणि नाव बघताच पॅकेज कुठलं ते समजतं. शॉर्टहँडनं ग्रेप अर्धा आंधळा होतो, ही त्याची खरी किंमत. स्वतःची एकट्याची फाईल असेल तर चालेल. दहा जण हात लावतात अशा प्रोजेक्टमध्ये मी घालणार नाही.

---

रिकामी_यादी

ग्रेप हवा आणि लांब नावं डोळ्यांसमोर नकोत असं असेल तर ग्नू एल्पा या पॅकेजच्या भांडारात नेमलेस नावाचं पॅकेज आहे. तो फाईलला हात लावत नाही, फक्त बफरमध्ये उपसर्गाच्या जागी कोलन दाखवतो. फाईलमध्ये पूर्ण नाव, पडद्यावर छोटं. दिसण्यापुरताच प्रश्न असेल तर शॉर्टहँडपेक्षा हे सोपं.

---

तळटीप

शॉर्टहँडचा सगळ्यात छुपा सापळा राहिला. इंटर्न हे फंक्शनसुद्धा रीड-सिंबॉल-शॉर्टहँड्स पाहतं, आणि इंटर्न-सॉफ्टही.

(इंटर्न (फॉरमॅट "आरपीएक्स-%एस" प्रकार))

ही ओळ तुमच्या मॅक्रोमध्ये असेल आणि मॅक्रो त्याच फाईलमध्ये विस्तारला जात असेल, तर कंपाइल करताना तो व्हेरिएबल बांधलेला असतो आणि नाव बरोबर लांब होतं. टेस्ट पास. तीच ओळ साध्या फंक्शनमध्ये असेल तर ती चालते युजरच्या कुठल्यातरी भलत्याच बफरमध्ये, जिथे तुमचा शॉर्टहँड नाही. तिथे आरपीएक्स- नावाचाच सिंबॉल तयार होतो आणि फंक्शन व्हॉइड. तुमची सोर्स फाईल उघडी ठेवून त्याच बफरमधून तपासलंत तर सगळं चालताना दिसेल, हे आणखी फसवं.

नियम: स्ट्रिंग जोडून सिंबॉल बनवायचा तिथे नेहमी पूर्ण उपसर्ग लिहा.

सीएल-डेफस्ट्रक्टचं मात्र बिनघोर चालतं. (सीएल-डेफस्ट्रक्ट आरपीएक्स-नोंद शीर्षक) लिहिलं की रीडर आधी नाव लांब करतो, मॅक्रो त्या लांब नावावरून ॲक्सेसर बनवतो, आणि तुम्ही (आरपीएक्स-नोंद-शीर्षक क्ष) लिहिता तेव्हा रीडर तेही तसंच लांब करतो. दोन्ही टोकं जुळतात.

---

कंसोबा

तिसरा प्रश्न कुणी घेतला नाही, म्हणून घेतो.

लेक्सिकल-बाइंडिंग चालू असताना लेटनं बांधलेलं नाव सिंबॉलच्या व्हॅल्यूच्या कप्प्यात जातच नाही. ते त्या कोडच्या लेक्सिकल एन्व्हायर्नमेंटमध्ये असतं, आणि कंपाइल झाल्यावर तर नावही उरत नाही, स्टॅकवरची एक जागा उरते. ॲड-टू-लिस्ट हे साधं फंक्शन आहे. त्याला क्वोट केलेला सिंबॉल मिळतो आणि ते त्याचा व्हॅल्यूचा कप्पा उघडतं. तो रिकामा. म्हणून व्हॉइड.

हेच सिंबॉल-व्हॅल्यू, सेट, बाउंडपी आणि रन-हुक्स या सगळ्यांचं. सिंबॉल हातात घेऊन काम करणाऱ्या फंक्शनला लेक्सिकल व्हेरिएबल दिसत नाही. 'सेट' तर आणखी घातक, ते एरर न देता जागतिक कप्प्यात लिहून मोकळं होतं. लोकल यादीसाठी पुश किंवा सीएल-पुशन्यू वापरा. हे मॅक्रो आहेत, नावाच्या जागीच सेटक्यू लिहितात. बाइट-कंपाइलर ॲड-टू-लिस्टबद्दल नेमका हाच इशारा देतो, पण त्यासाठी फाईल कंपाइल करून इशारे वाचायला लागतात.

डेफव्हारनं जाहीर केलेला व्हेरिएबल 'स्पेशल' होतो. त्याला लेटनं बांधलं की जुनी व्हॅल्यू बाजूच्या स्टॅकवर जाते आणि नवी थेट कप्प्यात बसते. लेट संपलं की जुनी परत येते. म्हणजे डायनॅमिक बाइंडिंगमध्ये शोध असा काही नसतोच, कप्पा उघडला की जे आहे ते. दुसऱ्या लायब्ररीचा व्हेरिएबल बांधायचाय पण ती लायब्ररी अजून लोड नाही, तर व्हॅल्यू न देता नुसतं (डेफव्हार नाव) लिहा. फाईलमध्ये सगळ्यात बाहेर लिहिलेली ही घोषणा त्या फाईलपुरतीच असते आणि व्हॅल्यू देत नाही. ती विसरलात तर लेट लेक्सिकल होतं आणि त्या लायब्ररीला तुमची व्हॅल्यू कधी दिसतच नाही. एररही नाही. कंपाइलर 'वापरला नाही' एवढंच पुटपुटतो.

स्पेशल व्हेरिएबलचं नाव फंक्शनच्या आर्ग्युमेंटला देऊ नका. तिथे कधी लेक्सिकल कधी डायनॅमिक, वागणूक ठरलेली नाही.

---

निशाचर

त्यात बफर-लोकल घाला. व्हॅल्यूचा कप्पा चार प्रकारचा असू शकतो: साधी व्हॅल्यू, दुसऱ्या सिंबॉलकडे बोट (डेफव्हारॅलियास), बफरनुसार बदलणारी, आणि सी कोडमधल्या जागेकडे पाठवणारी.

गोंधळ होतो तो लेट आणि बफर-लोकल एकत्र आले की:

(लेट ((फिल-कॉलम ४०)) (विथ-करंट-बफर दुसरा (फिल-रीजन ...)))

चालू बफरमध्ये फिल-कॉलम लोकल असेल तर ४० फक्त चालू बफरच्या लोकल व्हॅल्यूला लागतं. दुसऱ्या बफरमध्ये त्याची स्वतःची किंवा डीफॉल्ट. चालू बफरमध्ये लोकल नसेल तर लेट डीफॉल्ट बदलतं, आणि दुसऱ्या बफरची स्वतःची लोकल व्हॅल्यू असेल तर त्याला ४० दिसत नाहीत. उपाय साधा: आधी विथ-करंट-बफर, त्याच्या आत लेट.

---

आडवी_रेघ

तिन्ही उलगडले. एक उपप्रश्न: व्हेरिएबल फाईलपुरते ठेवता येतात, तसं फंक्शन? मदतीची छोटी फंक्शन्स बाहेर दिसूच नयेत.

---

रिकामी_यादी

फाईलपुरतं डेफन असं काही नाही. एका फंक्शनच्या आत हवं असेल तर सीएल-फ्लेट, ते स्वतःला बोलावणारं असेल तर सीएल-लेबल्स. दोन्ही लेक्सिकल आहेत: आत लिहिलेल्या कोडला दिसतात, तिथून बोलावलेल्या फंक्शनला दिसत नाहीत. आणि मॅपकारला देताना हॅश-अवतरण (#'मदत) लावा. नुसतं अवतरण ('मदत) लावलं तर जागतिक मदत शोधली जाते आणि पुन्हा तेच व्हॉइड.

सीएल-लेटएफनं सिंबॉल-फंक्शन तात्पुरतं बदलणं ही वेगळी गोष्ट, ते सगळ्या जगाला दिसतं. टेस्टमध्ये ठीक. पण 'कार' किंवा अधिकचं चिन्ह असं बदलून उपयोग नाही, त्यांना बाइटकोडमध्ये स्वतःची सूचना असते, फंक्शनचा कप्पा कुणी बघतच नाही. सी मधून होणाऱ्या कॉलचंही तसंच.

अनेक फंक्शन्सना मिळून एक मदतनीस हवा असेल तर बाहेर लेटमध्ये लॅम्ब्डा बांधा, आत डेफन लिहा आणि मदतनिसाला फनकॉलनं बोलवा. चालतं, पण एक फंक्शन बदललं की सगळं लेट पुन्हा इव्हॅल्युएट करावं लागतं. बहुतेक वेळा दोन आडव्या रेघांचं नाव देणं परवडतं.

---

तळटीप

प्रकाशित करण्याआधी उपसर्गाबाहेर काही सांडलंय का ते बघा. स्वच्छ सेशनमध्ये (क्यू पर्यायानं) फाईल लोड करा आणि लोड-हिस्ट्रीमधली तिची नोंद काढा. व्हेरिएबल्स नुसत्या सिंबॉलच्या रूपात असतात, फंक्शन्स 'डेफन' आणि नाव अशा जोडीत. प्रत्येकाचं सिंबॉल-नेम पूर्ण उपसर्गानं सुरू होतंय का, एवढं डोलिस्टमध्ये तपासायचं. शॉर्टहँडचा ब्लॉक दुर्लक्षिला गेला असेल तर इथे लगेच आरपीएक्स- नावं दिसतात.

सापडलेली चूक अनइंटर्ननं पुसायला जाऊ नका. तक्त्यातून सिंबॉल गेला तरी आधी वाचलेल्या कोडकडे तो जुना ऑब्जेक्ट असतोच. पुढच्या वेळी त्याच नावानं नवा तयार होतो, आणि एकाच नावाचे दोन सिंबॉल एकमेकांना ओळखत नाहीत. एफमेकअनबाउंड आणि मेकअनबाउंडनं कप्पे रिकामे करा, किंवा सरळ ईमॅक्स बंद करून उघडा.

---

चक्रम_कर्सर

पॅकेज ईमॅक्स २७ वर चालवायचं असेल तर? जुन्या ईमॅक्सला नवी फंक्शन्स देणारी कॉम्पॅट लायब्ररी आहे ना.

---

तळटीप

कॉम्पॅट फंक्शन्स आणि मॅक्रो पुरवतं, रीडर बदलत नाही. २७ ला रीड-सिंबॉल-शॉर्टहँड्स हा एक अनोळखी व्हेरिएबल आहे. तो छोटी नावं तशीच्या तशी वाचेल आणि हॅश-अंडरस्कोरवर वाचतानाच एरर देईल. शॉर्टहँड वापरायचे तर पॅकेज-रिक्वायर्समध्ये ईमॅक्स २८.१ लिहा. २७ हवंच असेल तर प्रकाशनापूर्वी स्क्रिप्टनं छोटी नावं लांब करून तीच फाईल द्या.